फाट्यावरचा माणूस आराखड्यात धरा: खान्देशातील महामार्गांबाबत खुले पत्र

प्रति,
महामार्ग बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या यंत्रणांचे अधिकारी, त्यांचे सल्लागार अभियंते,
आणि जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या रस्ता सुरक्षा समित्यांचे सदस्य यांस

विषय: अपघातानंतर दुभाजकातला कट (वळायला किंवा ओलांडायला सोडलेली मोकळी जागा) बंद करून आणि रंबलर (चालकाला हादऱ्याने सावध करणाऱ्या आडव्या पट्ट्या) टाकून प्रकरण मिटवण्याची पद्धत थांबवावी व गावफाट्यांची रचना दुरुस्त करावी.

महोदय, महोदया,

महामार्गावरच्या एखाद्या फाट्यावर जीव गेला की पुढे काय होते, हे खान्देशात आता कुणीही सांगेल. लोक रास्ता रोको करतात, अधिकारी येऊन आश्वासन देतात. मग दुभाजकातला कट सिमेंटचे ठोकळे लावून बंद होतो, दोन्ही बाजूंना रंबलरच्या पट्ट्या पडतात आणि कागदावर उपाययोजना पूर्ण झाल्याची नोंद होते. पुढचा अपघात त्याच फाट्याच्या अलीकडे-पलीकडे होतो. ही पद्धत आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र. ते आपल्या नावाने असले तरी सगळ्यांनी वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

आम्ही याच रस्त्यांच्या कडेला राहतो. आमच्यातल्या काहींनी रस्त्याची आखणी, मोजणी आणि देखरेख हीच कामे आयुष्यभर केली. बाकीच्यांची घरे महामार्गाच्या एका बाजूला आणि शेत किंवा शाळा दुसऱ्या बाजूला आहे. रुंदीकरणाला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. सुरत-नागपूर महामार्ग नवापूरपासून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत मुक्ताईनगरपर्यंत तिन्ही जिल्हे ओलांडतो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे, सोनगीर, शिरपूरवरून पळासनेरला राज्याची हद्द गाठतो. केळी, कापूस, मिरची, ऊस, सगळा माल या रस्त्यांवरूनच जातो. चांगला रस्ता आम्हालाही हवा आहे.

पण या रस्त्यांवर दर थोड्या अंतराने एक फाटा आहे. तिथे एसटी थांबते, काळीपिवळी भरते, चहाच्या टपऱ्या असतात, जवळपास एखादे जिनिंग किंवा केळीचे गोदाम असते. माणूस तिथे उतरतो, रस्ता ओलांडतो, वळतो, उभा राहतो. आराखड्यात मात्र फाटा म्हणजे फक्त एक रेघ दुसऱ्या रेघेला मिळालेली जागा. तिथल्या माणसाचा हिशेब कुठेच दिसत नाही. आमच्या सगळ्या तक्रारी या एका उणिवेतून निघतात.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार दुभाजकातल्या कटांची.

ट्रॅक्टर आणि मागे भरलेली ट्रॉली मिळून लांबी आठ-नऊ मीटर भरते. गावाबाहेर दुभाजक साडेचार-पाच मीटर रुंद असतो, वस्तीत त्याहून अरुंद. म्हणजे ट्रॅक्टर अर्धा रस्ता ओलांडून कटात थांबला, की ट्रॉलीचा मागचा भाग वेगवान पट्ट्यातच राहतो. तो मध्ये थांबूच शकत नाही, दोन्ही बाजू एकदम मोकळ्या मिळायला हव्यात. आता वेळ पाहा. एका बाजूचा रस्ता, दोन पट्टे आणि पक्की साइडपट्टी धरून, सुमारे नऊ मीटर. त्यात गाडीची स्वतःची लांबी मिळवली, तर एक बाजू पूर्ण मोकळी करायला अठरा मीटर सरकावे लागते. भरलेली ट्रॉली जागेवरून उचलताना सेकंदाला दोन मीटरपेक्षा फार वेग येत नाही. म्हणजे नऊ-दहा सेकंद. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात २५० मीटर अंतर कापते. म्हणजे चालकाला निदान २५० मीटरपर्यंत मोकळे दिसायला हवे. आणि नेमके तिथे, कटाच्या तोंडापर्यंत, दुभाजकात पुरुषभर उंचीची कण्हेर आणि बोगनवेल असते. समोरच्या दिव्यांचा झोत अडवायला ही झाडे उपयोगी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण रस्त्याच्या आखणीत चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. कटाजवळ झाड त्या उंचीच्या निम्म्याहून उंच वाढू देणे म्हणजे चालकाच्या डोळ्यांवर पडदा टाकणे होय.

मग कट बंद केला की प्रश्न सुटला का? शेत समोरच आहे आणि वळायची पुढची जागा अडीच किलोमीटरवर आहे, असे समजा. जाऊन-येऊन पाच किलोमीटर. ताशी पंधराने चालणाऱ्या ट्रॅक्टरला वीस मिनिटे आणि तेवढे डिझेल, दिवसातून अनेक वेळा. तो शेतकरी काय करणार हे आपल्यालाही माहीत आहे. तो साइडपट्टीवरून उलट्या दिशेने येतो. रात्री त्याचा एकच दिवा चालू असतो, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दुसरी दुचाकीच वाटते. कटावरचा अपघात असा साइडपट्टीवर सरकतो. आपल्या नोंदीत तो 'विरुद्ध दिशेने वाहन चालवणे' या रकान्यात जातो आणि रचनेचा दोष पुसला जातो. लोक ठोकळे बाजूला सारून पुन्हा वाट करतात, तीही याच कारणाने. तो कट मग आधीपेक्षा वाईट, कारण त्याला फलक नाही, दिवा नाही, वळणारी गाडी थांबायला जागा नाही.

कट बंद करायला आमची हरकत नाही. आधी दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड द्या, तो जवळच्या भुयारी मार्गाला किंवा नीट बांधलेल्या वळणाच्या जागेला जोडा, आणि मग कट बंद करा. जळगावकरांनी शहरातल्या महामार्गालगत समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती याच मागणीसाठी. शहराला जे हवे तेच फाट्यालाही हवे. जिथे वळण ठेवायचेच आहे, तिथे वळणाऱ्या गाडीसाठी दुभाजकाच्या पोटात वेगळा पट्टा हवा. तो ट्रॉलीसकट ट्रॅक्टर पूर्ण मावेल एवढा लांब हवा, आणि दुभाजकाच्या टोकावर पिवळे-काळे परावर्तक फलक हवेत. काँक्रीटचे उघडे टोक रात्री दिसत नाही आणि ते स्वतःच अपघाताचे कारण ठरते.

दुसरी तक्रार पायी चालणाऱ्यांची आहे.

धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे आखणीत धरतात. नऊ मीटरसाठी साडेसात सेकंद. ताशी ९०ची गाडी तेवढ्यात जवळपास १९० मीटर पुढे येते. डोक्यावर चाऱ्याचा भारा असलेली बाई किंवा गुडघे दुखणारे आजोबा यांना अकरा-बारा सेकंद लागतात. दुभाजकापर्यंत पोहोचले तरी वस्तीत त्याची रुंदी सव्वा-दीड मीटर. पावणेदोन मीटर लांबीची सायकल त्यावर आडवी मावत नाही, चाक बाहेर राहते. अशा जागी वेग कमी न करता नुसते झेब्रा पट्टे मारले, तर पायी माणसाला खोटा भरवसा मिळतो आणि चालकाला काहीच कळत नाही.

पादचारी पुलाचेही तसेच. खाली साडेपाच मीटर मोकळी उंची आणि वर तुळई धरली, तर चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. सायकल घेऊन, दुधाची कॅन घेऊन, शेळी घेऊन कोण चढेल? भुयारी मार्ग लोक वापरतात, पण तो त्यांच्या वाटेवर असेल तर. दोनशे मीटर बाजूला सोयीची जागा मिळाली म्हणून बांधलेला भुयारी मार्ग ओसच पडतो. पाणी हा त्याहून मोठा दोष. तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली नेला आणि पाण्याला नैसर्गिक उतार दिला नाही, की जूनपासून तिथे गुडघाभर पाणी साचते. शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. उंचीही पिकाच्या हिशेबाने ठरवा. तीन मीटरच्या भुयारातून माणूस आणि जनावर जाईल, कापसाने शिगोशीग भरलेली गाडी जाणार नाही. ती पुन्हा कटावरच येईल.

एसटीचा थांबा फाट्याच्या अलीकडे असेल तर उतरलेला प्रवासी गाडीच्या पुढून रस्ता ओलांडतो आणि मागून येणाऱ्या चालकाला तो शेवटच्या क्षणी दिसतो. थांबा फाटा ओलांडून पुढे, मुख्य पट्ट्याबाहेर, स्वतंत्र खाचेत असावा. म्हणजे लोक गाडीच्या मागून ओलांडतात आणि दोघे एकमेकांना दिसतात. यासाठी मोठा खर्च नाही, फक्त आधी विचार करायला हवा.

चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडाकडे निघालेले पायी भाविक खान्देशातून याच रस्त्यांनी जातात. मुक्ताईच्या दर्शनाला येणाऱ्या दिंड्याही याच रस्त्यांवर असतात. या तारखा पंचांगात असतात, त्या अचानक उगवत नाहीत. तरी त्यांना चालायला साइडपट्टीच्या पलीकडे दोन मीटरची मुरमाची सलग वाट नाही, आणि नाल्यावरच्या मोऱ्यांशी तर साइडपट्टीसुद्धा संपते. भाविकांचा जथा तिथे मुख्य रस्त्यावर येतो, तोही पहाटे किंवा रात्री, कारण आमच्याकडे ऊन टाळूनच चालावे लागते.

रंबलरबद्दल थोडक्यात. रंबलर चालकाला जागे करतो, गाडी थांबवत नाही. ताशी ८०च्या वेगाने गाडी थांबायला आखणीच्या नियमाने १२० मीटर लागतात आणि ताशी १००ला १८० मीटर. मग फाट्याच्या तोंडावर, वीस-तीस मीटर आधी टाकलेल्या पट्ट्यांचा उपयोग काय? त्या बऱ्याच आधी हव्यात, त्यांच्याआधी फलक हवा, आणि त्या साइडपट्टीच्या कडेपर्यंत हव्यात. नाहीतर दुचाकीस्वार मोकळ्या फटीतून निघतात आणि नेमके पायी माणसांच्या अंगावर जातात. खरा वेग कमी करायचा असेल, तर वस्ती सुरू होते तिथे रस्त्याचे रूप बदलले पाहिजे: कडेचे पट्टे, दिवे, अरुंद भासणारी रुंदी, मोठा वेगमर्यादेचा फलक.

गतिरोधक हवा तो महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यावर. त्याचे मापही ठरलेले आहे: ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे गाडी ताशी २५ने हळूच ओलांडते. गावोगाव दिसतो तो हातभर रुंद, वीतभर उंच, बिनरंगाचा उंचवटा. त्यावरून जाताना दुचाकीवर मागे बसलेली बाई उडून पडते आणि तो अपघात कुणाच्याच हिशेबात येत नाही.

साइडपट्टी हा शब्द आपल्या देयकांत दरवर्षी असतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. डांबराचा नवा थर पडला की रस्ता वर येतो, डांबराबाहेरची कच्ची साइडपट्टी होती तिथेच राहते. खान्देशातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. कडेचा भराव आणखी खचतो. दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा सेंटीमीटरची पायरी तयार होते. ट्रकने दाबल्यामुळे दुचाकी खाली उतरते. वर येताना चाक त्या कडेला घासत राहते, म्हणून चालक हँडल आणखी वळवतो, आणि चाक एकदम वर चढले की गाडी तिरपी होऊन थेट मधल्या पट्ट्यात जाते. पोलिसांच्या कागदावर याचे नाव 'चालकाचे नियंत्रण सुटले'. उपाय साधा आहे. कठीण मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, रोलरने दाबायचा, बाहेरच्या बाजूला पाणी वाहील इतका उतार द्यायचा, आणि डांबराची कड उभी न कापता तिरकी सोडायची. ट्रॅक्टरने माती ओतून पुढे जाणे म्हणजे साइडपट्टी भरणे नव्हे. पहिल्या पावसात ती माती रस्त्यावर येते आणि त्यावर दुचाकी घसरतात.

याच थरांमुळे कडेचे लोखंडी संरक्षक कठडेही निकामी होतात. पन्हाळीच्या आकाराच्या त्या पत्र्याची वरची कड रस्त्यापासून ७० सेंटीमीटर उंच, पत्रा ३ मिलिमीटर जाड, खांब दर दोन मीटरवर आणि जमिनीत १.१ मीटर खोल, हे मापदंड आपलेच आहेत. दोन थरांनी रस्ता १५ सेंटीमीटर वर आला की ७०चे ५५ उरतात, आणि उंच गाडी अडण्याऐवजी त्यावरून पलटते. पत्र्यांचे सांधे वाहतुकीच्या दिशेने एकावर एक बसवायचे असतात. उलटे बसवले तर पुढच्या पत्र्याची कड येणाऱ्या गाडीकडे उघडी राहते. आणि कठड्याचे सुरुवातीचे टोक तसेच उघडे सोडले, तर ते भाल्यासारखे गाडीत घुसते. धडकेने मोडलेला कठडा महिनोन्महिने तसाच राहतो, आणि मोडलेली जागा म्हणजे आधीच एकदा गाडी जिथे बाहेर गेली ती जागा.

रात्रीचे काय? डिपरच्या उजेडात जेमतेम पन्नास-साठ मीटर दिसते. रस्त्याचे पट्टे अडीच मिलिमीटर जाडीचे, चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे मणी टाकून मारायचे असतात. पातळ थर मारला आणि मणी टाकलेच नाहीत, की दिवसा पट्टा पांढरा दिसतो आणि रात्री काळा. पाहणी दिवसाच होते, त्यामुळे हे कधी पकडले जात नाही. रात्री पाहणी करा. ढाब्यांसमोर साइडपट्टीवर उभे राहणारे ट्रक मागून येणाऱ्याला दिसतच नाहीत. त्यांना थांबायला रस्त्याबाहेर पक्की जागा दिल्याशिवाय नुसत्या दंडाने ते हटणार नाहीत. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावणे ही शेतकऱ्यांची आणि साखर कारखान्यांची जबाबदारी आहे. ती टाळता येणार नाही, हे आम्ही आमच्या गावातही सांगतो.

काम सुरू असलेल्या रस्त्यांवर चुना लावलेले दगड आणि मातीचे ढीग हेच इशारे असतात. आधी सूचना, मग वळवण्याचा पट्टा, मग कामाची जागा, मग बाहेर पडण्याची जागा, हे चार भाग नियमात स्पष्ट आहेत. ठेकेदाराच्या देयकात फलकांचे पैसे असतात, रस्त्यावर फलक नसतात.

पळासनेरचा उल्लेख टाळता येणार नाही. ४ जुलै २०२३ रोजी उतारावरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या वाहनांना धडकत तो फाट्यावरच्या हॉटेलात शिरला आणि दहा जणांचा बळी गेला. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि धरेनासे होतात, ही नवी माहिती नाही. म्हणूनच उताराच्या तळाशी वस्ती येण्याआधी, गोल खडीने खोलवर भरलेला, चढावर जाणारा सुटकेचा पट्टा लागतो. चाके खडीत रुततात आणि गाडी थांबते. उतार सुरू होण्याआधी ट्रकना थांबून ब्रेक तपासायची आणि खालच्या गिअरमध्ये यायची जागाही हवी. मुंबई-आग्रा महामार्गावरचा हा उतार असो, कोंडाईबारीचा घाट असो की चाळीसगावच्या वरचा कन्नड घाट, प्रत्येक उताराच्या पायथ्याशी कोण राहते आणि कोण उभे असते, हे आधी पाहा.

आता जबाबदारीबद्दल. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, झाले की ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. म्हणजे जागा धोक्याची ठरायला माणसे मरावी लागतात. उंच झाडांनी झाकलेला कट, पंधरा सेंटीमीटरची पायरी, उघडे टोक, हे सगळे फूटपट्टीने मोजता येते, त्यासाठी मृतांची संख्या भरण्याची वाट पाहायची गरज नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा लगेच दाखल होतो. पण मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ आखणी, बांधकाम आणि देखभालीचे मापदंड न पाळणारी यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांनाही जबाबदार धरते, दंड एक लाखापर्यंत. दुरुस्तीआधी धोक्याचे फलक लावले होते का, हेही न्यायालयाने पाहायचे आहे. हे कलम वापरात आणा. कुणाचा सूड घ्यायचा म्हणून नव्हे. रस्त्याचा दोष कागदावर आला नाही, तर तो दुरुस्त होत नाही.

आमच्या मागण्या:

१. पर्यायी वाट प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय कोणत्याही फाट्यावरचा कट बंद करू नये. बंद केलेल्या प्रत्येक कटासाठी पर्यायी वाट कोणती आणि किती लांब, हे तिथेच फलकावर लिहावे.

२. तिन्ही जिल्ह्यांतल्या महामार्गांवरील प्रत्येक फाट्याची मोजणी करावी: दृष्टीचे अंतर, दुभाजकाची रुंदी, थांब्याची जागा, सकाळी आणि संध्याकाळी ओलांडणारी माणसे व जनावरे, हंगामात वळणाऱ्या ट्रॉल्या. ही मोजणी कापसाच्या आणि उसाच्या हंगामात करावी, मे महिन्यात नव्हे.

३. कटाच्या दोन्ही बाजूंची दुभाजकातली झाडे गुडघ्याच्या उंचीवर छाटावीत आणि ती छाटणी देखभालीच्या करारात लिहावी. याला निधी लागत नाही, ते या महिन्यातच होऊ शकते.

४. डांबराचा प्रत्येक नवा थर साइडपट्टी आणि कठड्याची उंची दुरुस्त केल्याशिवाय पूर्ण मानू नये व त्याचे देयक अदा करू नये.

५. रस्ता सुरक्षा तपासणीचे अहवाल, त्यातल्या शिफारशी आणि प्रत्येक शिफारशीवर काय केले, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आपणहून प्रसिद्ध करावे. वर्षातून एक तपासणी रात्री व्हावी.

६. प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर पोलीस, परिवहन विभाग आणि रस्ता यंत्रणेने जागेवर संयुक्त पाहणी करावी, मोजमापे लिहावीत आणि ती जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीत मांडावीत. त्या गावचे सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांना पाहणीला बोलवावे.

७. घाटांच्या पायथ्याशी सुटकेचे पट्टे कुठे बांधता येतील, याची पाहणी करून जागा आणि मुदत जाहीर करावी.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या मागणीवर आपण लगेच आदेश काढू शकता. दुसऱ्या मागणीसाठी माणसे कमी पडत असतील, तर फाट्याफाट्यावर मोजणीला उभे राहायला आमच्यातले लोक तयार आहेत. नमुना अर्ज आणि मोजपट्टी आपली द्या. जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
महामार्गालगतच्या गावांतील रहिवासी व रस्तेकामातील जाणकार
जळगाव, धुळे, नंदुरबार